साहित्यविद्येच्या दारीं

बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलानें किंवा मुलीनें "मला पुढें साहित्याचाच अभ्यास करावयाचा आहे" असें सांगितलें, म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांतून पहिला प्रश्न निघतो तो "आणि मग पुढें काय?" हा. या प्रश्नांत माया असते, काळजी असते. तो विचारणाऱ्याला दोष देण्याचें कारण नाहीं. विद्यापीठांच्या प्रवेशअर्जांतहि पुष्कळ ठिकाणीं हाच प्रश्न अंमळ सभ्य भाषेंत घातलेला असतो : हा विषय आपण कां निवडला, आणि त्यांत आपण काय करूं इच्छितां, तें थोडक्यांत लिहा. घरच्या प्रश्नापुढें उमेदवार गप्प बसतो, आणि अर्जांतल्या प्रश्नाखालीं कोठून तरी उतरून घेतलेलीं चार गोंडस वाक्यें लिहितो. वस्तुतः या दोन्ही प्रश्नांचें उत्तर जुनें आहे, आणि त्याचा बराच भाग आपल्या वऱ्हाडांत, विशेषतः आजच्या वाशीम जिल्ह्यांत आणि त्याच्या आसपास घडलेला आहे. तो इतिहास आज श्रोत्यांपुढें मांडावा असें योजिलें आहे.

नवव्या शतकाच्या अखेरीस आणि दहाव्याच्या आरंभीं होऊन गेलेल्या राजशेखर या पंडितानें 'काव्यमीमांसा' नांवाचा ग्रंथ लिहिला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून तो १९१६ सालीं छापून प्रसिद्ध झाला. त्यांत एक रूपककथा आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घरांतून निघाला. प्रेमासारखें दुसरें बंधन नाहीं हें जाणून पार्वतीनें साहित्यविद्या नांवाची वधू निर्माण केली आणि तिला त्याच्या पाठोपाठ धाडलें. पूर्वेकडे, पांचालांत, अवंतींत, दक्षिणेंत अशीं तीं दोघें हिंडलीं. देश बदलला कीं वेष बदले, नृत्य बदले आणि बोलण्याची रीतिहि बदले. शेवटीं विदर्भांतील वत्सगुल्म या नगरांत काव्यपुरुषानें साहित्यविद्येचें गांधर्वविधीनें पाणिग्रहण केलें. हें वत्सगुल्म म्हणजेच आजचें वाशीम.

कथा गोड आहे; पण तिच्यांतील मर्म अधिक मोलाचें आहे. राजशेखराच्या मतें काव्य ही एक गोष्ट, आणि काव्याचा विचार करणारी विद्या ही दुसरी. काव्य एकटेंच हिंडूं लागलें तर तें स्थिर होत नाहीं. त्याला विद्येची सोबत लागते. याच ग्रंथांत विद्या किती, याची चर्चा आहे. आन्वीक्षिकी म्हणजे तर्क, त्रयी म्हणजे वेद, वार्ता म्हणजे शेती व व्यापार, आणि दंडनीति म्हणजे राज्यकारभार, या चार विद्या जुन्या आचार्यांनीं मानलेल्या होत्या. राजशेखर त्यांच्या पंक्तीला साहित्यविद्या ही पांचवी विद्या म्हणून बसवितो. व्यापार आणि राज्यकारभार यांच्या शेजारीं तिला पाट मांडून देणारा हा पुरुष राजदरबारांत वावरलेला होता. त्याला व्यवहार कळत नव्हता असें कोणी म्हणूं शकणार नाहीं.

लग्नासाठीं त्यानें वत्सगुल्मच कां निवडलें, यालाहि आधार आहे. चौथ्या शतकांत वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथें होती. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवि होता. त्यानें प्राकृतांत 'हरिविजय' नांवाचें काव्य रचिलें. श्रीकृष्णानें सत्यभामेसाठीं पारिजात आणला, हा त्याचा विषय. तें काव्य आज समग्र उपलब्ध नाहीं; परंतु आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञांनीं त्याचा उल्लेख केला, म्हणून त्याची ओळख टिकली. काव्य नष्ट झालें, आणि काव्याच्या अभ्यासकांनीं त्याची आठवण राखली, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. राजशेखराच्याच 'कर्पूरमंजरी' या प्राकृत नाटकांत वैदर्भी रीतीला 'वच्छोमी' असें नांव आलें आहे. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची. एका गांवाच्या नांवावरून भाषेच्या एका उत्तम शैलीला नांव मिळावें, हा मान थोड्या गांवांच्या वाट्याला येतो.

आतां आपण हजार वर्षें ओलांडून इंग्रजी अमदानींत येऊं. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. त्याच्या पहिल्या परीक्षांत मराठीला जागा होती. परंतु एक तप उलटण्यापूर्वींच प्रवेशपरीक्षेच्या वरच्या अभ्यासांतून ती गेली, आणि संस्कृतादि अभिजात भाषांना तिची जागा मिळाली. देशी भाषांत उच्च अभ्यासाला पुरेल इतकें वाङ्मय नाहीं, असा त्या वेळचा पुष्कळ अधिकाऱ्यांचा आणि आपल्यांतील कित्येक विद्वानांचाहि समज होता. ही भूमिका केवळ आपल्यालाच अपमानास्पद होती असें मात्र नाहीं. खुद्द इंग्लंडांत ऑक्सफर्डनें इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र परीक्षा १८९४ सालीं सुरू केली, आणि केंब्रिजनें तर १९१७ सालीं. तत्पूर्वीं कित्येक दशकें हिंदुस्थानांतील कॉलेजांत शेक्सपिअर आणि मिल्टन हे पदवीच्या परीक्षेला नेमलेले होते. मातृभाषेचें वाङ्मय घरीं वाचावें, त्याला परीक्षा कसली, हा विचार तिकडेहि रूढ होता.

मराठीच्या बाजूनें हा वाद चिकाटीनें लढविला तो न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं. मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेणारें एक टिपण त्यांनीं १८९८ सालीं लिहिलें. वरवर पाहतां तें ग्रंथांचें परीक्षण आहे. पण त्यामागील हेतु ओळखला, म्हणजे तो एक अर्जच वाटूं लागतो. अर्जदार मराठी भाषा, आणि अर्ज विद्यापीठाच्या दारीं. किती ग्रंथ झाले, कोणत्या विषयांवर झाले, त्यांत मोलाचे कोणते, याचा हिशेब रानड्यांनीं मांडला; नुसतें मातृभाषेच्या प्रेमाचें गाऱ्हाणें मांडलें नाहीं. १९०१ च्या जानेवारींत ते निवर्तले, आणि त्याच सुमारास मुंबई विद्यापीठानें एम्. ए. च्या परीक्षेंत मराठीला प्रवेश दिला. पुढें १९१९ सालीं सर आशुतोष मुकर्जी यांनीं कलकत्ता विद्यापीठांत देशी भाषांची एम्. ए. सुरू केली. आज जो विद्यार्थी साहित्याच्या एम्. ए. चा अर्ज भरतो, तो ज्या दारांतून आंत जातो तें दार त्याच्या भाषेनें स्वतः सुमारें चाळीस वर्षें ठोठावलेलें आहे.

वऱ्हाडच्या विद्यार्थ्याला हें दार आणखी दूर होतें. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, आणि १९०३ सालीं तो मध्यप्रांतास जोडला गेला. वाशीम हा तेव्हां स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यांत घातला गेला. नागपूरला हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं आणि मॉरिस कॉलेज १८८५ सालीं निघालें खरें. परंतु परीक्षा कलकत्त्याची आणि पुढें अलाहाबादची. म्हणजे शिक्षण एका गांवीं, विद्यापीठ शेंकडों कोसांवर, आणि त्या विद्यापीठाचें घरचें वाङ्मय तिसऱ्याच भाषेचें. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें आणि त्याच वर्षीं अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालें, तेव्हां कोठें हें अंतर कमी झालें.

अंतर कमी झाल्याबरोबर जें घडलें, तें मात्र विलक्षण होतें. अभ्यासासाठीं मुलें शहराकडे गेलीं, आणि अभ्यासाचें साहित्य खेड्यापाड्यांत सांपडूं लागलें.

कारंजाचें उदाहरण घ्या. आज वाशीम जिल्ह्यांत असलेलें हें गांव श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून सर्वांच्या परिचयाचें आहे. तेथील सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन जैन मंदिरांत जुन्या पोथ्यांचे भांडार पिढ्यानपिढ्या जतन करून ठेवलेले होते. रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूचि १९२६ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां या भांडारांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. त्या पोथ्यांत अपभ्रंश भाषेंतील अशीं काव्यें होतीं कीं ज्यांची विद्वानांना नांवापलीकडे फारशी माहिती नव्हती. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आजच्या मराठी, गुजराती, हिंदी या भाषा यांच्या मधला दुवा. कारंजा जैन ग्रंथमालेंत १९३१ सालीं पुष्पदंत कवीचें 'जसहरचरिउ' निघालें. त्याचे संपादक परशुराम लक्ष्मण वैद्य हे पॅरिस विद्यापीठाचे डी. लिट्. होते. १९३३ सालीं 'णायकुमारचरिउ' आणि १९३४ सालीं 'करकंडचरिउ' हीं काव्यें हिरालाल जैन यांनीं संपादिलीं. ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक होते आणि वर उल्लेखिलेल्या रायबहादुरांहून निराळे. पुष्पदंत हा दहाव्या शतकांतील राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानींतला कवि. ज्यांनीं पोथ्या राखल्या त्यांची श्रद्धा थोर होती. परंतु त्या पोथींतील भाषा कोणती, पाठ शुद्ध कोणता, आणि मराठीच्या घडणीवर तिचा प्रकाश कसा पडतो, हें सांगावयाला साहित्यविद्येचें शिक्षणच लागलें.

दुसरें उदाहरण रिद्धपूरचें. अमरावती जिल्ह्यांतील या गांवीं तेराव्या शतकांत म्हाइंभटानें 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. मराठी गद्याचा तो आद्य थोर ग्रंथ. पण महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहून ठेविल्यामुळें बाहेरच्यांना तो कित्येक शतकें वाचतांच येईना. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या लिपीची किल्ली सांपडली, आणि १९३६-३७ मध्यें ह. ना. नेने यांनीं नागपुरास 'लीळाचरित्रा'चे भाग छापले. बुलडाणा जिल्ह्यांतील नरवेल या खेड्यांत १९०८ सालीं जन्मलेले विष्णु भिकाजी कोलते यांनीं तर सारें आयुष्य या वाङ्मयाला दिलें. ते पुढें नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु झाले, आणि 'लीळाचरित्रा'ची त्यांनीं सिद्ध केलेली समग्र आवृत्ति १९७८ सालीं बाहेर पडली. ॲन फेल्डहाऊस या अमेरिकन विदुषीनें रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या घरापासून दोन तासांच्या वाटेवर असलेल्या गांवाचें नांव दुसऱ्या खंडांतील ग्रंथालयांत पोहोंचतें, तें अशा अभ्यासामुळें.

तिसरें उदाहरण खुद्द वाशीमचें. १९३९ सालीं तेथें चार पत्र्यांचा एक ताम्रपट उजेडांत आला. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ति याच्या कारकीर्दीच्या सदतिसाव्या वर्षीं दिलेलें तें दानपत्र आहे. त्यांतील वंशावळीचा भाग संस्कृतांत आणि पुढील व्यवहाराचा भाग मुख्यतः प्राकृतांत आहे. म्हामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं त्याचें संपादन केलें. त्या एका लेखावरून वत्सगुल्माच्या वाकाटक शाखेचा उलगडा झाला, आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील लेखांत ज्या राजाचें नांव पूर्वींच्या पंडितांनीं रुद्रसेन असें वाचलें होतें तो सर्वसेन होय, हेंहि निश्चित झालें. मिराशी हे संस्कृताचे अध्यापक होते. काव्यग्रंथांतील सर्वसेन आणि तांब्यावरील सर्वसेन हे एकच, हें ओळखण्याला काव्यग्रंथ वाचलेला मनुष्य लागतो. तांबट त्या पत्र्याचें वजन सांगेल, सराफ किंमत सांगेल. गांवाला त्याचा हरवलेला राजा आणि कवि परत देणें हें साहित्यविद्येचें काम.

हा इतिहास ध्यानांत घेतला, म्हणजे आजच्या उमेदवारानें काय करावें हें सांगणें सोपें होतें. आज दारें पुष्कळ आहेत. १ मे १९८३ रोजीं अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झालें. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हां जिल्हा झाला, आणि त्याचे वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, मालेगांव व रिसोड हे साही तालुके त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रांत येतात. वर्ध्याला १९९७ पासून केंद्रीय हिंदी विद्यापीठ आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचें ठरविलें, आणि त्याच वर्षीं रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाला पहिले कुलगुरु लाभले. तौलनिक साहित्याचा अभ्यास करावयाचा असेल, तर कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठांत बुद्धदेव बसूंनीं १९५६ सालीं उघडलेला विभाग आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठीं २०२२ पासून पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा घेतली जाते. राज्याच्या विद्यापीठांत पुष्कळ ठिकाणीं पदवीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. तीन वर्षांची पदवी घेतलेल्याला एम्. ए. ला दोन वर्षें लागतात; नव्या धोरणाप्रमाणें चार वर्षांची पदवी घेतलेल्याला एका वर्षांत ती पुरी करण्याची सोय झाली आहे. परदेशीं विद्यापीठें बहुधा तीन गोष्टी मागतात : हेतूचें निवेदन, स्वतःच्या लेखनाचा नमुना, आणि शिकविलेल्या अध्यापकांचीं पत्रें.

यांपैकीं हेतूचें निवेदन हीच कसोटीची जागा. "मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे" हें वाक्य तेथें निरुपयोगी ठरतें, कारण प्रत्येक अर्जांत तें असतें. आणि आवड घरींहि भागवितां येते. रानड्यांनीं मराठीसाठीं जें केलें तेंच उमेदवारानें स्वतःसाठीं करावें : काय वाचलें, त्यांत कोणता प्रश्न पडला, तो सोडवावयाला कोणतें शिक्षण हवें, आणि तें याच विद्यापीठांत कां मिळेल, याचा सरळ हिशेब मांडावा. मानोऱ्याच्या मुलीला आपल्या आजीच्या तोंडच्या ओव्यांत प्रश्न सांपडेल. बंजारा तांड्यावरच्या मुलाला आपल्या गोरमाटी बोलींतील गाण्यांत सांपडेल. पोहरादेवीच्या परिसरांत त्या वाङ्मयाची काय वाण आहे? कारंजाच्या मुलाला मंदिरांतील पोथींत सांपडेल. अर्ज वाचणाऱ्या अध्यापकाला गोंडस वाक्यांपेक्षां असा एक खरा प्रश्न अधिक पसंत पडतो, कारण पुढचीं दोन किंवा पांच वर्षें त्याला त्या प्रश्नाबरोबर घालवावयाचीं असतात. अध्यापकांकडे पत्र मागावयास जातांनाहि हें निवेदन हातांत असावें, आणि महिनाभर आधीं जावें. म्हणजे त्यांनाहि उमेदवाराविषयीं नेमकें लिहितां येतें.

आतां घरच्या प्रश्नाचें उत्तर. तें गोड करून सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. महाविद्यालयांतून अध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि एम्. ए., नेट किंवा पीएच्. डी. झालेलीं माणसें तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षें राबतात, ही वस्तुस्थिति आहे. ज्या घराला पुढच्या वर्षापासूनच कमाईची गरज आहे, त्या घरानें हा विचार आधीं केला पाहिजे, आणि तसें ठरविल्यास त्यांत कमीपणा नाहीं. भाषांतर, ग्रंथसंपादन, प्रकाशन, वृत्तपत्रें, आकाशवाणी, शाळा आणि स्पर्धापरीक्षा अशा वाटा आहेत. पण यांपैकीं कोणतीहि वाट केवळ पदवीच्या कागदानें उघडत नाहीं, ती अंगीं आलेल्या भाषेच्या कसबानें उघडते. म्हणून आईबापांनीं "पुढें काय?" हा प्रश्न जरूर विचारावा, मात्र त्याला जोडून "तुला शोधावयाचें आहे तरी काय?" हाहि विचारावा. दुसऱ्या प्रश्नाला ज्या मुलाजवळ उत्तर आहे, त्याला पहिल्याचें उत्तर शोधण्यास वेळ देणें योग्य होईल. ज्याच्याजवळ तें नाहीं, त्याला एम्. ए. चीं दोन वर्षें म्हणजे नुसती पुढें ढकललेली काळजी.

आणि ही केवळ एका घराची गोष्ट नाहीं. वऱ्हाडांत अजून किती पोथ्या, किती दानपत्रें, किती ओव्या आणि किती बोली जाणत्या वाचकाची वाट पाहत असतील याची मोजदाद नाहीं. पोथीला कसर लागते, ताम्रपट मोडींत जातो, आणि बोली बोलणारें शेवटचें म्हातारें माणूस एक दिवस जातें. तीं गेल्यावर पश्चात्ताप करणारे पुष्कळ निघतील. जाण्यापूर्वीं तीं वाचूं शकणारे थोडेच असतात, आणि ते तयार व्हावयाला दहा-दहा वर्षें लागतात. राजशेखरानें वत्सगुल्मांत काव्याचें आणि विद्येचें लग्न लावलें. त्या घराण्याचा संसार पुढें चालवावयाचा, तर दरवर्षीं वाशीमच्या साही तालुक्यांतून एखाददुसऱ्या तरुणानें आणि तरुणीनें पूर्ण समजून तो अर्ज भरला पाहिजे, आणि घरांतील वडील माणसांनीं तो टपालांत पडण्यापूर्वीं एकदां आस्थेनें वाचून पाहिला पाहिजे.